झुकतं माप

सत्तेचाळीस दुकानं, एकाच साखळीची,
सगळ्यांवर तीच हिरवी पाटी.
आत काय जातं: चौरस मीटर, माणसांचे तास,
फ्रीजची वीज, मालाची किंमत.
बाहेर काय येतं: विक्री आणि पावत्यांची संख्या.
एवढंच. बाकीचं दारातल्या पायपुसण्यावर राहतं.

तार्मो म्हणतो, ही पद्धत फार न्यायी आहे.
ज्याची वजनं त्यानंच निवडायची,
दुकान ज्यात उजवं, त्याच पारड्यात जड माप टाकायचं.
मापात पाप तर नाहीच,
उलट थोडी माया.
आणि इतकी माया करूनही
कोइगीचं दुकान
शून्य दशांश सहा एक.

ते सांगायला मी मार्चमध्ये बेटावर गेले.
समुद्र कडेकडेनं अजून पांढरा होता.
उर्वे काउंटरमागे लोणच्याच्या बरण्या पुसत होती,
स्वच्छच होत्या त्या,
पण मुख्य कचेरीतून कुणी यायचं होतं ना.
आकडा ऐकून तिनं विचारलं,
"कशाच्या मानानं?"

मी लॅपटॉप पावाच्या फळीवर टेकवला.
म्हटलं, तुमच्याएवढंच एक दुकान आहे बघा,
अठ्ठ्याहत्तर टक्के ओरिसारेचं,
बावीस टक्के कुइवास्तूच्या धक्क्यावरचं,
दोन्ही मिळून एक.
ते तुमच्याएवढाच माल विकतं
तुमच्या सहा दशांश खर्चात.

"कुठंय ते?"
"तसं कुठं नाही. गणितात आहे."
"गणितात बर्फ काढावा लागत नसेल," उर्वे म्हणाली,
आणि बरणी जागेवर ठेवली, लेबल पुढे करून.

मग मी अर्धा किलो मासे मागितले, धूर दिलेले, बोटाएवढे.
काट्यावर पाचशे दोन ग्रॅम आले,
पावती निघाली,
आणि पावती निघाल्यावर
तिनं आणखी चार मासे कागदात सरकवले,
माझ्याकडे न बघता.
हे चार मासे कोणत्या रकान्यात जातात
ते मला ठाऊक आहे. आत जाणाऱ्या.

परतीच्या वाटेवर गाडी थांबवली.
नकाशावर त्याच प्रमाणात अंतर कापलं तर
ते दुकान येतं बरोबर बंधाऱ्यावर,
दोन बेटांच्या मध्ये, दोन्ही बाजूंना गोठलेलं पाणी,
बोरू पिवळे, तीन हंस.
तिथं उभी राहून मी ते मनात बांधलं:
दोन पूर्णांक तीन नोकर,
त्यातला दशांशवाला दारात उभा.
दिवे हवे तेवढेच. पाव विकला जाईल तेवढाच.
गिऱ्हाईक येतं, घेतं, जातं,
कुणी विचारत नाही तुझ्या गुडघ्याचं काय झालं म्हणून,
पायपुसणं कोरडं.
वारा इतका होता की
मला ते फार वेळ उभं ठेवता आलं नाही.

धक्क्यावरच्या रइवोला पूर्ण एक मिळालाय.
त्याला विचारलं, तू वेगळं काय करतोस रे?
त्यानं बाहेर बोट दाखवलं. बोट सुटली नव्हती.
गाड्यांची रांग वळणापर्यंत,
माणसं हात चोळत आत येत होती,
कॉफी, सॉसेज, शब्दकोडी, मोजे.
"वारा सुटला की बोट उशिरा," तो म्हणाला,
"बाकी मी दार उघडतो."

वाऱ्याचा रकाना आमच्याकडे नाही.
तार्मोला मी तसं लिहिलं. उत्तर आलं:
पुढच्या वर्षी बघू, आधी अहवाल.

अहवालात मी काही लपवलं नाही.
शून्य दशांश सहा एक, तसाच ठेवला,
एकाचा दोन केला नाही.
फक्त गाडीत बसून, काच खाली करून,
उर्वेचे मासे खाल्ले, डोक्यासकट,
आधी मोजलेले, मग ते चार,
पण तोवर कोणते कोणते ते कळेनासं झालं होतं.
तहान लागली. रइवोकडून कॉफी घेतली.
एक युरो ऐंशी.
एक पावती, धक्क्याच्या खात्यात.